नकार देण्याआधी आमच्या ओट्याशी येऊन उभे राहा

प्रति,
खाद्यव्यवसायांना परवाने देणारे अधिकारी आणि त्यांचे नियम ठरवणारी समिती

विषय: राहत्या घरातल्या बेकऱ्यांचे परवाने यापुढे वाढवून न देण्याचा निर्णय

महोदय,

तुमचं पत्र आलं तेव्हा ओव्हनमध्ये दिवसाचा सहावा घाणा होता. तीन ओळींचं पत्र. राहत्या जागेतल्या बेकरीचा परवाना यापुढे वाढवून मिळणार नाही, ९० दिवसांत व्यावसायिक जागेचा पुरावा द्यावा, अन्यथा उत्पादन बंद करावं. सासूबाईंनी ते मला दोनदा वाचायला लावलं आणि विचारलं, "आपलं काय चुकलं, ते कुठे लिहिलंय?" ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. मी दोन अर्ज केले. दोन्हींवर पोच म्हणून शिक्का मिळाला, उत्तर मिळालं नाही. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे. हा प्रश्न आमच्या एका घराचा असता तर आणखी एक अर्ज करून वाट पाहिली असती.

आमची बेकरी सहा वर्षांची आहे. सासूबाईंनी शेजारच्या दोन घरांना ब्रेड करून दिला, तिथून सुरुवात झाली. चार वर्षांपूर्वी मी नोकरी सोडून पूर्ण वेळ यात आले. यजमान कामावर जाण्याआधी घरोघरी ब्रेड पोचवतात, मुलगी शाळेतून आल्यावर दुसऱ्या दिवशीची लेबलं लिहिते. आज आम्ही रोज ४० ब्रेड करतो, शनिवारी ६०, आणि आठवड्यातून दोन दिवस बिस्किटं. घरखर्चाचा निम्म्याहून जास्त भार या ओव्हनवर आहे. तो थांबला तर काय होईल, हे आम्ही पत्र आलं त्याच रात्री कागदावर मांडून पाहिलं.

तुमची काळजी खोटी आहे असं मी म्हणणार नाही. बेकरीचा धंदा पूर्वीपासून आगीशी आणि पिठाशी बांधलेला आहे. १६६६ साली लंडन जाळणारी आग एका बेकरीतच लागली होती, आणि बेकरीवाल्याचं कुटुंब त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहत होतं. १७८५ मध्ये ट्यूरिनला एका बेकरीच्या कोठारात पीठ हलवताना धुरळा उडाला, जवळच्या दिव्यावर पेटला आणि स्फोट झाला. हवेत उडालेलं पीठ पेट घेतं, हे आम्हाला माहीत आहे. वर्षानुवर्षं ते श्वासात गेलं तर दमा जडतो, हेही माहीत आहे. कच्च्या पिठात जंतू असू शकतात, अंड्यात साल्मोनेला असू शकतो. या सगळ्यावर नियम हवेतच. आमचं भांडण नियम असण्याशी नाही, न बघता दिलेल्या नकाराशी आहे.

आता आमच्या तक्रारी एकेक सांगते.

पहिली तक्रार तपासणीची. गेल्या वेळी तुमच्याकडून आलेले गृहस्थ आमच्या घरात अकरा मिनिटं होते. त्यांनी टेप काढून ओट्याची आणि खोलीची लांबी-रुंदी मोजली, बाहेरचं दार वेगळं आहे का ते पाहिलं, दोन फोटो काढले. ते स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत आलेच नाहीत. मी फ्रीजवर अडकवलेली वही पुढे केली. त्या वहीत सहा वर्षांची रोजची दोन तापमानं आहेत, सकाळचं आणि रात्रीचं. प्रत्येक पिठाच्या पोत्याचा क्रमांक आणि तो कोणत्या तारखेपासून वापरात आला, ते आहे. घरात कुणाला ताप किंवा जुलाब झाले म्हणून ओव्हन बंद ठेवला ते दिवस आहेत. त्यांनी वही हातात घेतली नाही. त्यांच्या फॉर्मवर तिच्यासाठी रकानाच नव्हता. दोष त्या गृहस्थांचा नाही, ते नम्रपणे वागले. दोष फॉर्मचा आहे. तो खोलीबद्दल सगळं विचारतो आणि त्या खोलीत काय चालतं याबद्दल काहीच विचारत नाही.

त्या वहीची किंमत काय, ते एका प्रसंगातून सांगते. त्यात चूक आमची होती, म्हणूनच सांगते. तीन वर्षांपूर्वी ऐन उन्हाळ्यात एका ग्राहक बाईंचा फोन आला. म्हणाल्या, ब्रेड आतून चिकट लागतोय आणि पिकलेल्या खरबुजासारखा वास येतोय. आमच्याकडे त्याच दिवशीचा एक ब्रेड शिल्लक होता. सासूबाईंनी तो मधोमध तोडला आणि दोन तुकडे हळूहळू लांब केले. मध्ये कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे ताणले गेले. बेकरीच्या धंद्यात याला ब्रेडला तार येणं म्हणतात. पिठात बॅसिलस जातीच्या जंतूंचे बीजाणू असतात. भाजताना ब्रेडचा गाभा शंभर अंशांच्या वर जात नाही, त्यामुळे त्यातले काही बीजाणू टिकतात. ब्रेड नीट गार न होता पिशवीत गेला आणि उकाड्यात राहिला की ते पुन्हा जागे होतात. आम्ही नेमकं तेच केलं होतं. ऑर्डर जास्त होत्या, घाई होती, कोमट ब्रेड पिशवीत घातले होते.

वही उघडली. त्या पोत्यातल्या पिठाचा ब्रेड २२ घरांत गेला होता. संध्याकाळी सातच्या आत बाविसाच्या बावीस घरी फोन गेले, यजमान रात्री फिरून उरलेला ब्रेड परत घेऊन आले, सगळ्यांचे पैसे परत केले. पोतं टाकून दिलं. ओटा, साचे, कपाटाच्या फळ्या आधी साबणाने आणि मग व्हिनेगरने पुसून काढल्या, कारण आम्लात हे जंतू वाढत नाहीत. दोन दिवस ओव्हन लावला नाही. तेव्हापासून उन्हाळ्यात आम्ही पिठात आंबवण घालतो, म्हणजे आम्लता वाढते, आणि पूर्ण गार झाल्याशिवाय एकही ब्रेड पिशवीत जात नाही. मला त्या बावीस घरांची नावं तोंडपाठ होती. मोठ्या कारखान्याला माल परत बोलवायचा असेल तर यंत्रणा लागते, जाहिरात द्यावी लागते. आम्हाला एक वही आणि एक फोन पुरला. लहान असण्याचे तोटे तुमच्या नियमांत आहेत. हा फायदा त्यात कुठेच धरलेला नाही.

दुसरी तक्रार, सगळा माल तुम्ही एकाच तागडीत घातला आहे. तुमच्या निर्णयात "बेकरी उत्पादने" एवढाच शब्द आहे. कडक बिस्किट आणि क्रीमचा केक यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि तो शास्त्राने मोजता येतो. पदार्थात जंतूंना वापरता येईल असं पाणी किती मोकळं आहे, त्याला वॉटर ॲक्टिव्हिटी म्हणतात. शुद्ध पाण्याची १, आणि आजार करणारे जंतू साधारण ०.८५ च्या खाली वाढत नाहीत. कडक बिस्किट या रेषेच्या फार खाली असतं. ब्रेडमध्ये पाणी जास्त असतं, पण तो पूर्ण भाजलेला असतो, दोन-तीन दिवसांत संपतो आणि बिघडला तर बहुतेक वेळा बुरशीने डोळ्यांना दिसतो. क्रीम, कस्टर्ड, ताज्या फळांचा थर असलेला केक, मांसाचं किंवा चीजचं सारण, ही जोखमीची मंडळी. ती ५ अंशांच्या खाली ठेवावी लागतात, पोचवतानासुद्धा. ५ ते ६० अंशांच्या मधल्या पट्ट्यात जंतू झपाट्याने वाढतात. आमच्याकडे गाडीत थंडावा ठेवायची सोय नाही, म्हणून आम्ही क्रीमचा केक करत नाही. वाढदिवसाच्या ऑर्डर येतात, त्यात पैसाही चांगला आहे, पण हे "नाही" आम्ही स्वतःहून म्हणतो. नियमानेच सांगा की घरातून क्रीम नाही, मी त्याखाली सही करेन. पण क्रीमच्या भीतीने बिस्किटाचा परवाना काढून घेण्यात मला न्याय दिसत नाही.

तिसरी तक्रार सगळ्यांत मोठी. तुमच्या नियमांत मधली पायरीच नाही. एका टोकाला घरच्यांपुरतं करणं, दुसऱ्या टोकाला गाळा घेऊन दुकान मांडणं. या दोन टोकांच्या मध्ये आमच्यासारखी घरं उभी आहेत, आणि तुमच्या तक्त्यात त्यांना ओळच नाही.

घरगुती बेकरी वाढते कशी, हे तक्ता करताना कुणी पाहिलं असेल असं वाटत नाही, म्हणून आमचा हिशेब सांगते. आमच्या ओव्हनमध्ये एका वेळी चार साचे बसतात. भाजायला ३५ मिनिटं, दार उघडझाक झाल्यावर पुन्हा तापायला १०. म्हणजे एक घाणा पाऊण तासाचा. ४० ब्रेड म्हणजे १० घाणे, साडेसात तास. शनिवारचे ६० म्हणजे १५ घाणे, सव्वाअकरा तास. मिक्सर एका वेळी दोन किलो पीठ मळतो, तेवढ्यात नेमके चार ब्रेड होतात. मागणी दुप्पट झाली म्हणून चार किलो मळून ठेवून चालत नाही. पिठाचा मोठा गोळा आतली ऊब धरून ठेवतो आणि लहान गोळ्यापेक्षा लवकर फुगतो. ओव्हन रिकामा होईपर्यंत शेवटचे साचे जास्त फुगून बसतात आणि भाजताना मधोमध खचतात. पहिल्या वर्षी असे किती ब्रेड आम्ही घरीच खाल्ले, त्याची गणती नाही. मग पीठ रात्रभर फ्रीजमध्ये ४ अंशांवर सावकाश फुगवायला शिकलो. मापं पिठाच्या वजनाच्या टक्क्यांत लिहायला शिकलो: पीठ १००, पाणी ६५, मीठ २, आणि यीस्ट ऋतूप्रमाणे कमीजास्त. त्यामुळे दोन किलो असो वा वीस, चव तीच राहते. सहा वर्षांत आम्ही वाढलो ते असे, एकेक घाण्याने, कर्ज न काढता.

आता पुढची पायरी खरोखर अवघड आहे. मोठी बेकरी-भट्टी घरातल्या ओव्हनच्या कितीतरी पट वीज घेते, तिला बहुधा थ्री-फेज जोडणी लागते, जड असते, गरम हवा बाहेर काढायची सोय लागते. ती राहत्या घरात बसवायला मिळू नये, हे मलाही मान्य आहे. पण गाळ्याचं भाडं पहिल्या तारखेपासून सुरू होतं आणि गिऱ्हाईक करारावर सही केल्या दिवशी चौपट होत नाही. ६० ब्रेडच्या जिवावर गाळा उभा राहत नाही. त्याला दोन-अडीचशे लागतील, आणि तिथवर पोचायला किमान दोन वर्षं लागतील. ती दोन वर्षं आम्ही कुठे काढायची? घरी तुम्ही नाही म्हणता. तासावर भाड्याने मिळणारं, तपासलेलं सामायिक स्वयंपाकघर तुम्ही सुरूही करत नाही आणि कुणी सुरू करायचं म्हटलं तर त्यासाठी परवान्याचा प्रकारही ठेवलेला नाही. मग लोक काय करतात, तेही तुम्हाला ठाऊक आहे. गुपचूप करतात. लेबल लावत नाहीत, वही ठेवत नाहीत, कारण वही म्हणजे पुरावा. ज्या ग्राहकाच्या सुरक्षेसाठी हा निर्णय घेतला म्हणता, त्यालाच याने जास्त धोका आहे.

मधली पायरी बांधता येते, हे इतरांनी करून दाखवलं आहे. युरोपीय संघाच्या २००४ सालच्या अन्नस्वच्छतेच्या नियमावलीत मुख्यतः राहण्यासाठी असलेल्या पण नियमित विक्रीसाठी पदार्थ तयार होणाऱ्या घरांसाठी, फिरत्या आणि तात्पुरत्या जागांसोबत, वेगळं प्रकरण आहे. त्यातल्या अटी कारखान्यापेक्षा वेगळ्या आहेत आणि घराला झेपतील अशा आहेत. ब्रिटनमध्ये सुरुवात करण्याच्या २८ दिवस आधी स्थानिक संस्थेकडे नोंदणी करावी लागते. ती मोफत आहे, ती नाकारता येत नाही, आणि त्यानंतर तपासनीस घरी येतात. कॅलिफोर्नियात २०१३ पासून घरगुती, कमी जोखमीच्या पदार्थांसाठी दोन वर्ग आहेत. थेट ग्राहकाला विकणाऱ्यांचा एक, दुकानांमार्फत विकणाऱ्यांचा दुसरा, आणि दुसऱ्यासाठी तपासणी कडक. न्यू जर्सीत घरी भाजलेलं विकायला बंदी होती. तिथल्या घरगुती बेकरांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला, न्यायालयात गेले, आणि २०२१ मध्ये ती उठली. अन्नसुरक्षेची आंतरराष्ट्रीय मानकं ठरवणाऱ्या कोडेक्सनेही २०२० मध्ये आपली स्वच्छतेची मूलतत्त्वं सुधारताना लहान व्यवसायांना लवचिकता हवी, हे मान्य केलं. म्हणजे मी मागते आहे ती सवलत नव्हे. जोखीम मोजून नियम लावायची पद्धत मागते आहे.

चौथी गोष्ट थोडक्यात. निर्णयाचं कारण आम्हाला कळवलेलं नाही, निर्णयाआधी कुणाला विचारलेलं नाही, आणि ९० दिवसांची मुदत कशाच्या आधारावर ठरली ते समजत नाही. आमच्या हातून कुणाला बाधा झाली असेल तर तसं लेखी सांगा.

आणि आमच्या बाजूने जे द्यायचं, तेही लिहून ठेवते. घरात पाळीव प्राणी असेल तर कामाच्या वेळी तो स्वयंपाकघराबाहेर राहील. घरचा स्वयंपाक आणि विक्रीचं काम एकाच वेळी होणार नाही. आम्ही पहाटे साडेतीन ते अकरा ओव्हन चालवतो, आणि घरची भाजी त्यानंतर फोडणीला पडते. शनिवारी घाणे दुपारी पावणेतीनपर्यंत जातात, म्हणून त्या दिवशीचं जेवण आदल्या रात्रीच करून ठेवतो. अंडी एकेक करून वेगळ्या वाटीत फोडली जातील. प्रत्येक लेबलवर गहू, दूध, अंडी, सुकामेवा, तीळ यांतलं काय आहे ते ठळक असेल, आणि त्याखाली हेही असेल की हा पदार्थ घरच्या स्वयंपाकघरात झाला आहे, जिथे सुकामेवा वापरला जातो. ज्यांच्या मुलाला शेंगदाण्याची गंभीर ॲलर्जी आहे अशा एका आईला मी स्वतः सांगितलं आहे की आमच्याकडून घेऊ नका, मी खात्री देऊ शकत नाही. हे सगळं अट म्हणून लिहा. तपासायला न सांगता या.

आमच्या मागण्या अशा आहेत.

१. परवाने वाढवून न देण्याचा निर्णय स्थगित करावा. नवे नियम होईपर्यंत चालू परवाने चालू ठेवावेत.

२. जागेच्या प्रकारावर नव्हे, पदार्थाच्या जोखमीवर वर्ग करावेत. कोरडी बिस्किटं, साधा ब्रेड, क्रीम नसलेला केक घरातून करता यावा. थंड ठेवावे लागणारे पदार्थ घरातून नकोत, किंवा वेगळ्या, कडक अटींवर असावेत.

३. घरगुती बेकरीला उत्पादनाची स्पष्ट कमाल मर्यादा ठरवून द्यावी. ती ओलांडली की व्यावसायिक जागेत जायला ९० दिवस नव्हे, दोन वर्षं द्यावीत. वीज आणि आगीची तपासणी त्यासोबत व्हावी.

४. तासावर भाड्याने घेता येणाऱ्या सामायिक स्वयंपाकघरांसाठी परवान्याचा प्रकार तयार करावा. सार्वजनिक संस्थांची जी स्वयंपाकघरं दिवसाचा बराच वेळ रिकामी असतात, तिथून सुरुवात करता येईल.

५. तपासणीच्या फॉर्ममध्ये तापमानाच्या नोंदी, पिठाच्या पोत्याचे क्रमांक, माल परत बोलावण्याची तयारी, हात धुण्याची सोय आणि लेबल यांना रकाने असावेत. नकार द्यायचा तर तपासणीनंतर द्यावा, लेखी कारणासह, आणि त्यावर दाद मागायची जागा सांगावी.

६. नियम ठरवणाऱ्या समितीवर घरातून बेकरी चालवणारी किमान दोन माणसं असावीत.

या पत्राची एक प्रत तुमच्या कार्यालयात देऊन पोच घेतली आहे. त्यासोबत आमच्या वहीच्या गेल्या तीन महिन्यांच्या पानांच्या प्रती जोडल्या आहेत. दिलेल्या मुदतीतले ५३ दिवस उरले आहेत आणि तेवढे दिवस तरी आमचा ओव्हन रोज पहाटे साडेतीनला लागणार आहे. तुमच्यापैकी कुणीही, कोणत्याही दिवशी, आधी न कळवता यावं. येताना टेप आणलीत तरी चालेल. डोक्याला बांधायचा स्वच्छ रुमाल आम्ही देऊ. उंबऱ्याच्या आत या, हात धुवा आणि एक पूर्ण घाणा होईपर्यंत ओट्याशी थांबा.

आपली,
राहत्या घरातून बेकरी चालवणारी एक परवानाधारक